पासष्टावी खुंटी

होडीत किती खुंट्या आहेत हे मला नक्की माहीत होतं, कारण त्या मीच मोजून कापल्या होत्या. चौसष्ट. तळासाठी चाळीस मिलिमीटर लांबीच्या चोवीस आणि दोन्ही बाजूंसाठी पंचवीस मिलिमीटरच्या चाळीस. सुपारीच्या वाळलेल्या खोडाच्या, गेरूत बुडवून लाल केलेल्या. वहीत प्रत्येकीला क्रमांक आहे.

ही रीत फर्डिनंडमामांनी शिकवली. ते पाचूबंदरचे जुने होडीसुतार. हात थरथरतात म्हणून काम सोडलंय, पण ओट्यावर बसून बोलताना हवेत वाकस चालवत असतात. वाकस म्हणजे आडव्या पात्याची तासायची कुऱ्हाड. अख्ख्या खोडातून होडी कोरायची तर आधी खोड उपडं घालून बाहेरचा आकार तासायचा, मग उताणं करून आतून पोखरायचं. पोखरताना खाली किती लाकूड उरलंय ते दिसत नाही आणि एक घाव जास्त बसला तर तळ फुटतो. म्हणून बाहेरून ठरावीक खोलीची भोकं पाडायची, त्यांत तेवढ्याच लांबीच्या रंगीत खुंट्या घट्ट ठोकायच्या. आतून तासत जाताना लाल टोक दिसलं की तिथे थांबायचं.

"लाकडात आंधळ्यासारखं जायचं नाय," मामा म्हणाले होते. "खुंटी दिसली की हात थांबला पायजे. मग तो कोनाचा पन हात असो."

मला ही रीत फार आवडली. मोजपट्टी वस्तूच्याच पोटात ठेवून द्यायची, हे कुठल्या पुस्तकात वाचलं नव्हतं.

आमचं घर उमेळ्याला. घरामागे पाऊण एकर वाडी, नारळ, केळी, आणि कोपऱ्यात एक रायवळ आंबा होता. तिन्ही बाजूंना इमारती झाल्या आहेत. चौथ्या बाजूला बांध, बांधापलीकडे खाजण आणि खाडीचा एक फाटा. आजोबांनी वाडी दोन्ही मुलांच्या नावावर ठेवली: माझे बाबा चंद्रहास, आणि त्यांची मोठी बहीण हंसाआत्या, वटारला दिलेली. आजोबांचा शब्द एकच होता, आंबा उभा आहे तोवर वाडी विकायची नाही. घरातल्या प्रत्येक लग्नाच्या मांडवाला पहिली डहाळी त्या आंब्याची लागायची. कागदावर यातलं काही नव्हतं, पण आत्याला कागदाची गरज नव्हती. बाबा चार वर्षं विकू म्हणत होते आणि आत्या चार वर्षं आंब्याकडे बोट दाखवत होती.

गेल्या वर्षी जानेवारीत, मोहोर यायच्या दिवसांत, आंबा सुकायला लागला. शेंड्याची पानं आधी करपली, मग खालची. महिनाभरात निम्मं झाड उघडं पडलं. बाबांनी आत्याला फोन करून सांगितलं. आत्या म्हणाली की चंदरचं ती ऐकणार नाही, अशू शिकलेली आहे, तिने तपासून सांगितलं तर ती मानेल.

अशू म्हणजे मी, अश्लेषा. वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. केलं आहे आणि विरारच्या एका खासगी प्रयोगशाळेत माती-पाण्याचे नमुने तपासते. मी सातवीत असताना आई गेली, त्यानंतरचे सगळे शनिवार-रविवार मी आत्याकडे काढले. पोहायला तिने शिकवलं, मासे निवडायला तिने शिकवलं, आणि माझ्या बारावीच्या प्रयोगवहीतली पानं तिनेच तिच्या परसातून गोळा करून दिली. तिने माझ्यावर काही सोपवणं ही माझ्यासाठी लहान गोष्ट नव्हती.

मी नीट काम केलं, किंवा तेव्हा मला तसं वाटलं. बाबांनी आकडीने फांद्या काढून दिल्या. मी सहा नमुने घेतले, प्रयोगशाळेत वाढवले, पाचव्या दिवशी सहाही ताटल्यांत काळपट बुरशी आली. सूक्ष्मदर्शकाखाली बीजाणू स्पष्ट होते. मी दोन पानी अहवाल लिहिला: आंब्याला बुरशीजन्य शेंडेमर रोग झाला आहे, प्रसार खोडापर्यंत आहे, झाड वाचणार नाही. खाली सही केली.

बुंध्याशी नारळाच्या सोडणांचा कमरेएवढा ढीग होता. ओल टिकावी म्हणून आदल्या जूनमध्ये बाबांनी रचलेला. मी तो हलवला नाही.

आत्या अहवाल वाचायला स्वतः उमेळ्याला आली. चष्मा लावून दोनदा वाचला. मग उठून आंब्यापाशी गेली, खोडावर हात ठेवून थोडा वेळ उभी राहिली आणि परत आली. तोडा म्हणाली. पण खोड वखारीत द्यायचं नाही अशी तिची अट होती. आजोबांची एक होडी होती, अख्ख्या खोडाची. तिच्यातून ते फाट्यापलीकडच्या भातशेतीला जायचे आणि आत्या पुढे बसून करवंटीने पाणी उपसायची.

"तशी होडी करा याची," ती म्हणाली. "चंदर, तू आनि अशू, दोघांनी. वाडीत, घरच्या हाताने. ती पान्यात गेली की मी सही करते. त्याच्या आधी नाय."

बाबा हसले. म्हणाले, ताई, तू बिल्डरपेक्षा अवघड आहेस.

झाड तोडायच्या दिवशी आमचा एक वाद झाला. बाबांचं म्हणणं होतं की जमिनीपासून चार फूट सोडून वरून कापावं, कारण जुन्या आंब्याचा बुंधा आतून पोकळ असतो. मी ढिगाच्या वरचा बुंधा ठोकून पाहिला. आवाज भरीव होता. शिवाय माझ्याकडे आकडेमोड होती. चार फूट कमी केले तर होडी सव्वातीन मीटरची होणार आणि दोन माणसं बसल्यावर काठ पाण्यापासून जेमतेम दहा सेंटिमीटर राहणार. पूर्ण खोड घेतलं तर साडेचार मीटर, आणि काठ सतरा सेंटिमीटर. मी वही दाखवली. बाबांनी ती बराच वेळ पाहिली. तोडणाऱ्याला मी जमिनीलगत कापायला सांगितलं.

त्या दिवशी बाबा जेवले नाहीत. झाड गेलं म्हणून, असं मी धरून चालले.

पुढचे तीन दिवस मी कामावर होते. तेवढ्यात बाबांनी बुंध्याकडचं टोक स्वतःच सोलून तासून ठेवलं, आणि वाळवी लागेल म्हणून जमिनीतलं खोडकं खणून जाळून टाकलं. बासष्टाव्या वर्षी एकट्याने. मी त्यांच्यावर थोडी रागावले आणि मनातून खूश झाले.

कारण त्यांच्याबरोबर असे दिवस मला कधी मिळाले नव्हते. बाबा एका शाळेच्या कचेरीत कारकून होते. घरी आले की वर्तमानपत्र आणि गप्प. आता सकाळी सहाला ते मला उठवायचे. खळ्यात हिरवी जाळी बांधून तिच्याखाली खोड ठेवलं होतं. साडेआठपर्यंत आम्ही तासायचो, मग मी कामावर जायचे. रविवार पूर्ण. वाकस कशी धरायची, लाकडाच्या रेषेविरुद्ध गेलं की ते कसं उसवतं, हे त्यांना आजोबांकडून ठाऊक होतं आणि इतकी वर्षं ते कुणाला सांगायला मिळालं नव्हतं. पावसाळ्यात जाळीवर ताडपत्री चढवली आणि काम चालू ठेवलं. शेजारच्या इमारतीतले लोक गॅलरीत उभे राहून बघायचे. एकाने वरून विचारलं, काका, यंदा पूर येणार आहे का? बाबांनी वर न बघता उत्तर दिलं, "आम्हाला काय विचारता, तुमच्या पार्किंगला विचारा."

मी त्या आठ महिन्यांत जितकी हसले तितकी कॉलेजात हसले नसेन.

बुंध्याकडचं टोक मात्र त्यांनी मला कधी करू दिलं नाही. तिथलं लाकूड आडमुठं आहे, तुझ्या हाताला झेपणार नाही, ते माझं, म्हणायचे. तिथल्या आठ खुंट्यांची भोकंही त्यांनीच पाडली. घरात गिरमिट एकच, आजोबांचं, लाकडी मुठीचं, पाऊण इंचाहून थोडं जाड. त्याच्या पात्याच्या कडेला एक कपचा उडालेला आहे, त्यामुळे भोकाच्या आत पिळासारखी एक बारीक रेघ उठते. मी ती पहिल्याच दिवशी वहीत टिपली होती. कारण काही नाही, मला टिपायची सवय आहे.

ऑक्टोबरात फक्त ते टोक उरलं. पौर्णिमा गुरुवारी होती. त्या दिवशी उधाणाचं पाणी बांधाला लागतं, होडी उतरवायला तेवढंच पाहिजे. आत्याला कळवलं होतं. ती नारळ आणि हळदकुंकू घेऊन येणार होती. सोमवारी नोंदणीच्या कचेरीत विक्रीच्या सह्या करायचं ठरलं होतं.

आधीच्या रविवारी बाबा सकाळी पापडी गावच्या बाजारात गेले. लवकर येतो, आलो की ते टोक संपवतो, तू हात लावू नकोस, असं सांगून गेले. दहा वाजले तरी आले नाहीत. ऊन चढत होतं. म्हटलं, निदान वरचा जाड भाग काढून ठेवू, तेवढंच त्यांचं काम हलकं होईल.

लाकूड आडमुठं नव्हतं. वाकस छान चालत होती. अर्ध्या तासाने डाव्या बाजूला एक घाव घातला आणि पातं एकदम आत गेलं, पिकलेल्या फळात जावं तसं. मी थांबले. बाहेरच्या कडेपर्यंत अजून बरंच लाकूड बाकी असायला हवं होतं. बाहेरून हात लावून, कॅलिपर धरून मोजलं. अकरा सेंटिमीटर. खुंटी दिसायला अजून साडेआठ सेंटिमीटर जायचं होतं.

पटाशीने कडा साफ केल्या. आत गोल भोक होतं, तिरकं, बाहेरच्या बाजूकडे चढत जाणारं. त्याच्या भोवतीचं लाकूड काळं, आणि तो काळेपणा लाकडाच्या रेषांबरोबर दोन्हीकडे वीतभर पसरलेला. मी खाली वाकले आणि वास आला. वरणाच्या फोडणीचा वास.

 मी एक लोखंडी सळई घेतली आणि आतून भोकात घालून हळूहळू ठोकली. बाहेरच्या बाजूने एक खुंटी निघून खाली पडली. बाहेरून ती माझ्या खुंट्यांसारखीच दिसत होती, तासून सपाट केलेलं एक गोल टोक, वरून गेरू लावलेला. पण लांबी सहा सेंटिमीटर होती आणि लाकूड सुपारीचं नव्हतं. आंब्याचं होतं. त्याच आंब्याच्या फांदीचं.

मग मी होडी बाहेरून मोजली. गेल्या आठ महिन्यांत मी ती आतून इतक्यांदा मोजली होती, बाहेरची गोल टोकं कधी मोजली नव्हती. पासष्ट.

भोकाचा व्यास बावीस पूर्णांक चार मिलिमीटर. माझ्या भोकांचा बावीस पूर्णांक चार. टॉर्च लावून आत पाहिलं. पिळाची रेघ होती.

खेड्यापाड्यांत झाड मारायचं असलं की बुंध्याला भोक पाडून हिंग भरतात, असं लोक सांगतात. आम्हाला कॉलेजात एका सरांनी हे ऐकवलं होतं आणि हसून म्हणाले होते, नुसत्या हिंगाने एवढं मोठं झाड मरत नाही. ते बरोबर होते. त्यामुळे दुसरं काहीतरी आत गेलं असणार. आणि एका भोकाने भागलं नसणार. मी बाबांनी तासलेल्या टोकाकडे पाहिलं, जाळून टाकलेल्या खोडक्याच्या खड्ड्याकडे पाहिलं. बुरशी मात्र खरी होती. सहाही ताटल्यांत होती. मरायला लागलेल्या झाडावर ती येतेच. मी तिला कारण म्हटलं होतं आणि खाली सही केली होती.

बाबा बाराला आले. हातात पिशवी होती. आत्यासाठी गुरुवारी नेसवायची साडी. खळ्याच्या कडेला त्यांनी पाय धुतले, वर पाहिलं आणि स्टीलच्या ताटलीत ठेवलेली खुंटी पाहिली. पिशवी ओट्यावर ठेवून ते पायरीवर बसले.

मी विचारलं, "किती भोकं होती?"

"सात."

"हिंगाने झाड मरत नाही, बाबा."

"माहीत आहे. नाय मेला. गेल्या वर्षी जूनमध्ये भरला, दिवाळीपर्यंत हिरवागार. उलट जास्त पालवी आली." ते पायावरचं पाणी हाताने निपटत होते. "मग केळीतल्या गवतासाठी आनलेलं औषध होतं, ते भरलं. पाडव्याला."

पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी भाऊबीज. आम्ही दोघं स्कूटरवरून वटारला गेलो होतो. आत्याने त्यांना पाटावर बसवून ओवाळलं तेव्हा निरांजन मी धरलं होतं.

ते बोलत राहिले, आवाज न चढवता. विहीर खारट झाली आहे. नारळावर चढायला माणूस मिळत नाही. पानवेल गेली, केळीला दर वर्षी रोग. तिन्ही बाजूंनी भिंती आल्यावर वाडी म्हणायचं कशाला? ताई वटारला बसून वडिलांचा शब्द सांभाळते, इथलं गवत त्यांना काढावं लागतं. आणि मी? मी इथे राहणार आहे का? पुढे शिकायला जाईन, लग्न होईल. त्यांनी जे केलं ते माझ्यासाठीच केलं.

हे सगळं कदाचित खरं होतं. विहिरीचं तर मीच तपासलं होतं.

"मग मला कशाला तपासायला लावलंत?"

"मी नाय लावलं. ताईने लावलं."

"तुम्ही फांद्या काढून दिल्यात."

"तू मागितल्यास म्हनून." मग खुंटीकडे बघत म्हणाले, "तू त्या दिवशी ढिगापाशी आली होतीस. मी तिथेच उभा होतो. म्हटलं, हिने एक सोडन जरी उचललं तरी सांगून टाकायचं. तू नाय उचललंस. वरवर बघून गेलीस."

 या एका वाक्यासाठी मला त्यांचा अजून राग येतो, आणि ते खरं आहे म्हणून तो राग कुठे ठेवायचा हे कळत नाही.

"आणि हे आठ महिने?" मी विचारलं.

त्यांना प्रश्न समजला नाही, किंवा समजूनही त्यांनी तो घेतला नाही. म्हणाले, "होडी चांगली झालीय. तिच्यात काय खोट नाय. मी नवी खुंटी करतो, डिंक-चुना लावून बसवतो, थेंब येनार नाय. ताईला गुरुवारी कळायचं पन कारन नाय."

सहाला उठवणं. ताडपत्री. वाकस कशी धरायची. होडी पाण्यात गेली की सही, हा हिशेब आमच्या तिघांत फक्त मीच विसरले होते.

मी खुंटी नमुन्याच्या पिशवीत घातली. सवयीने वर लिहिलं: तारीख, उमेळे, आंबा, डावी बाजू, बुंध्यापासून सत्तर सेंटिमीटर. स्कूटर काढली. बाबांनी अडवलं नाही. मागून एवढंच म्हणाले, "जेवून जा."

वटारला आत्या मागच्या अंगणात केळीची पानं कापून ठेवत होती. गुरुवारी प्रसादाला लागतील म्हणून. मला बघून तिला आनंद झाला, मग माझं तोंड बघून तिने विळा खाली ठेवला. मी पिशवी तिच्या हातात दिली आणि उभ्याउभ्याच सांगितलं. क्रमाने सांगितलं, कारण मला दुसरं येत नाही. आधी काय मोजलं, मग काय दिसलं, मग बाबा काय म्हणाले.

तिने पिशवी उघडून खुंटी नाकाशी नेली. मग स्वयंपाकघरात गेली. मला वाटलं पाणी आणायला गेली. ती एक पितळी डबी घेऊन आली, झाकण काढून डबी नाकाशी नेली, मग पुन्हा खुंटी.

"हा पापडीच्या दुकानातला खडा आहे," ती म्हणाली. "मी दुसरीकडचा घेत नाय. चंदर आला होता गेल्या वर्षी जूनमध्ये. पोटात वायू धरतो म्हनाला. अख्खा खडा दिला त्याला." तिने झाकण लावलं. ते नीट बसेना म्हणून पुन्हा काढून लावलं. "वर ओवा पन बांधून दिला होता. जेवनानंतर घे म्हनून."

शेजारच्या परसातून मोटारपंपाचा आवाज येत होता. आत्या ओट्यावर बसली. मी पण बसणार होते, पण तिने माझ्यासाठी जागा केली नाही.

"तुझा तो कागद आहे का?"

होता. अहवालाची माझी प्रत मी बरोबर आणली होती. तिने तो मागच्या बाजूने माझ्यापुढे धरला. मी खाली जमिनीवर बसून, गुडघ्यावर ठेवून लिहिलं: माझा मागील बाजूचा निष्कर्ष चुकीचा आहे. झाड बुंध्यात विष घातल्यामुळे मेलं. बुरशी नंतर आली. बुंधा मी तपासला नव्हता. तारीख, सही.

तिने चष्मा लावून वाचलं. शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं.

"नव्हता?"

"नाही."

"का?"

"ढीग होता. हलवला नाही."

"मी चंदरला नाय विचारलं," ती म्हणाली. "तुला विचारलं होतं."

एवढंच. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने कागदाची घडी घातली, हिंगाच्या डबीखाली ठेवली आणि केळीची पानं पुन्हा एकावर एक रचायला लागली. काही वेळाने म्हणाली की ही पानं आता कशाला लागणार, ने तुमच्याकडे, जेवायला होतील. मी ती उचलली. निघताना फाटकाशी तिने हाक मारली.

"होडी पुरी झाली का?"

"थोडं आत तासायचं आहे. आणि ते भोक."

"तासून घे. अर्धवट ठेवू नकोस." मग, फाटकाची कडी लावता लावता, "भोक मात्र बुजवायचं नाय."

मला समजायला एक क्षण लागला. होडी पाण्यात गेली की सही करीन, असा तिचा शब्द होता. भोक आहे तोवर होडी पाण्यात जाणार नाही. तिने शब्द मोडला नाही. भावासारखं लपवूनही काही केलं नाही.

मी परत आले तेव्हा बाबा होडीपाशी होते. त्यांनी नवी खुंटी तासली होती, सागाची, आणि ती भोकाशी धरून बघत होते. बरोबर बसत होती. त्यांचा हात अजून चांगला आहे. मी आत्याचं शेवटचं वाक्य जसंच्या तसं सांगितलं. त्यांनी ते ऐकलं, खुंटी काढली, इकडेतिकडे पाहिलं आणि सदऱ्याच्या खिशात टाकली. साडीची पिशवी ओट्यावर होती तिथेच होती. आम्ही आत्याने दिलेल्या पानांवर जेवलो, कारण कापलेली पानं वाया घालवायची नाहीत असं आत्यानेच दोघांनाही शिकवलेलं आहे.

गुरुवारी उधाण आलं. पाणी बांधाला लागलं, पायाखालचं गवत भिजलं, आणि ओसरलं. सोमवारी कुणी कचेरीत गेलं नाही. बिल्डरच्या माणसाचे दोन फोन आले. बाबांनी ते अंगणात जाऊन घेतले.

मी सकाळी सहाला उठत राहिले, कुणी न उठवता. बाबांच्या टोकाचं आतलं लाकूड पंधरा दिवसांत काढून झालं. त्यांनी बसवलेल्या आठ खुंट्या एकेक करून दिसल्या, आठही बरोबर पंचवीस मिलिमीटरवर. तिथे त्यांनी काही चूक केली नव्हती. एका सकाळी ते बाहेर येऊन उभे राहिले आणि म्हणाले की मी रेषेविरुद्ध जाते आहे. मी दिशा बदलली.

दिवाळीच्या आधी फर्डिनंडमामा काठी टेकत बघायला आले. होडीभोवती दोन फेऱ्या मारल्या, काठावरून तळहात फिरवला, आत वाकून लाल ठिपके पाहिले. खूश होते. मग डाव्या बाजूच्या भोकापाशी थांबले, त्यात अंगठा घातला, आतला काळा डाग पाहिला. अंगठा काढून हुंगला.

माझ्याकडे पाहिलं. मग ओट्यावर चहाचे कप घेऊन उभ्या असलेल्या बाबांकडे पाहिलं.

"बाकी सगळं झालं?" त्यांनी मला विचारलं.

"झालं."

"आनि हे?"

"हे असंच राहणार आहे," मी म्हटलं.

बाबा पायरी उतरून आले आणि त्यांनी मामांना चहा दिला. मग मला दिला. तिसरा कप हातात धरून ते होडीच्या दुसऱ्या बाजूला जाऊन उभे राहिले, जिथून भोक दिसत नाही.